बारा मजूर, एक भिंत आणि कप्तानाचं वय

शालेय गणिताच्या पुस्तकात एक गाव आहे. नकाशावर ते नाही, पण महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकानं तिथं निदान सात-आठ वर्षं काढलेली असतात. वस्ती थोडी. रामराव, शामराव, एक दुकानदार, एक सावकार, एक दूधवाला आणि भिंत बांधणारे बारा मजूर. रामराव दरवर्षी आपल्या आयताकृती शेताला तारेचं कुंपण घालतात, तेही पाचपदरी. शेत नेहमी आयताकृतीच असतं, कारण त्या गावात भाऊबंदकी नाही आणि बांध कोरणारा शेजारीही नाही. आत काय पिकतं ते मात्र दहावीपर्यंत कळत नाही. दूधवाला दुधात पाणी घालतो आणि किती घातलं त्याचं गुणोत्तर स्वतःच्या तोंडानं सांगतो. दुकानदार खरेदीची किंमत उघड करतो, वर शेकडा साडेबारा तोटा झाल्याचंही कबूल करतो. तुळशीबागेत उभी हयात घासाघीस केलेल्या बाईला जी माहिती कधी मिळाली नाही, ती इथं सहावीतल्या पोराला फुकट मिळते.

हवामान उत्तम. पाऊस पडत नाही, लाइट जात नाही, मजूर जत्रेला जात नाहीत. मुंबईहून ताशी ६० किलोमीटरच्या वेगानं एक गाडी सुटते, त्याच वेळी पुण्याहून ४० च्या वेगानं दुसरी. मधलं अंतर १९२ किलोमीटर. दोन्ही गाड्या १ तास ५५ मिनिटं १२ सेकंदांनी एकमेकींना भेटतात, ऐन बोरघाटात. खऱ्या गाडीला घाट चढायचा तर सहसा कर्जतला थांबून मागं बँकर इंजिन जोडून घ्यावं लागतं, कारण पुढे ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. तेवढ्यात अर्धी गाडी खाली उतरून वडापाव खाऊन येते. पुस्तकातल्या गाडीत कोणाला भूक लागत नाही. लागली तर वेग बदलेल, आणि उत्तर मागच्या पानाशी जुळणार नाही.

पुस्तकात ह्या गावाच्या वेशीवर 'शाब्दिक उदाहरणे' अशी पाटी असते. एरवी बेरजा-वजाबाक्या धडाधड उडवणारं पोर ह्या वेशीपाशी आलं की अडतं आणि एकच प्रश्न विचारतं, "बाई, ह्यात अधिक करायचं की वजा?" बाईंनाही पोर्शन संपवायचा असतो. त्या किल्ली देऊन टाकतात: 'एकूण' दिसलं की अधिक, 'उरले' दिसलं की वजा, 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार. किल्ली हातात आली की उदाहरण वाचायची गरज उरत नाही. आकडे उचलायचे, किल्लीचा शब्द हेरायचा, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या गणिताला लागायचं. रामराव जगोत वा मरोत.

गावातली सगळ्यात कष्टाळू जमात म्हणजे ते बारा मजूर. ते एक भिंत आठ दिवसांत बांधतात. मग विचारतात, चोवीस मजूर तीच भिंत किती दिवसांत बांधतील? आमच्या सोसायटीच्या कंपाउंडचं काम चाललं होतं तेव्हा मी हा प्रश्न मुकादमाला घातला. त्यानं आधी तंबाखू चोळून घेतली.

"कुठली भिंत?"

"समजा, हीच."

"हिला बारा माणसं? उभी कुठं राहनार, साहेब? दोन गवंडी लागत्यात, चार बिगारी. एक माल कालवतो, दोघं विटा देत्यात."

"आणि चौथा?"

"चौथा च्या आनतो."

"पण समजा, चोवीस लावलेच तर?"

"तर त्यांची हजेरी मांडायला पंचविसावा लागंल." तंबाखू ओठाआड गेली. "आन् एका दिसात छातीच्या वर चढवायची नसती. ओली भिंत फुगती. तिला पानी मारावं लागतं, दमानं घ्यावं लागतं. मान्सं वाढवून शिमिट लवकर वाळत न्हाई."

पुस्तकातलं सिमेंट वाळतं. बारा मजूर गुणिले आठ दिवस, म्हणजे एका मजुराचं ९६ दिवसांचं काम. तर ९६ मजूर ती भिंत एका दिवसात बांधतील. दिवस आठ तासांचा धरला तर ४६,०८० मजूर ती एका मिनिटात बांधतील. एकमान पद्धतीत कुठं खोट काढून दाखवा! हे गणित पुस्तकात नसण्याचं कारण एवढंच, की गुणाकार मोठा होतो.

ह्यात हसण्यासारखं काही नाही, असं एका माणसानं पुस्तक लिहून सांगितलं आहे. फ्रेड ब्रुक्स हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ आयबीएममध्ये एका अजस्र सॉफ्टवेअरचं काम पाहत होता. त्या अनुभवावर त्यानं १९७५ साली पुस्तक लिहिलं. त्याचं सार असं, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर जास्त माणसं घातली की ते आणखी रखडतं. नवीन माणसाला काम समजावून सांगण्यात जुन्याचा दिवस जातो. आमच्या मुकादमाच्या पंचविसाव्या माणसाचंच हे इंग्रजी भाषांतर. तरीही हिंजवडीत कुठलं प्रोजेक्ट मागं पडलं की वरून हुकूम सुटतो, अजून दहा जण घ्या. हुकूम देणाऱ्यानं शाळेत काळ-काम-वेगात पैकीच्या पैकी मार्क मिळवलेले असतात, हे लक्षात घेतलं की राग येत नाही.

वयाच्या गणितांत बापाचं वय मुलाच्या तिप्पट असतं आणि पाच वर्षांपूर्वी चौपट असतं. मुलगा १५, बाप ४५. एवढं कोड्यात बोलणारं कुटुंब मी पाहिलेलं नाही. खेडोपाडी तर अवघ्या एका पिढीची जन्मतारीख १ जून आहे. पोराला शाळेत घालायला आणलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी पोराकडे एकवार बघून वय ठरवायचे आणि १ जून ठोकून द्यायचे. वर्गात वय काढायला क्ष मानायला लावणारे आणि हजेरीपटावर अंदाजानं वय लिहिणारे गुरुजी एकच. दुसरी रीत जास्त झटपट होती आणि तिच्यावर लोक पेन्शन घेऊन मोकळे झाले.

सावकाराचंही तसंच. पुस्तकातला सावकार द.सा.द.शे. ५ दरानं सरळव्याज घेतो, मुदत संपली की रास मोजून घेतो आणि राम राम करतो. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांना असा सावकार भेटला नाही. १२ मे १८७५ रोजी त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले, आणि हा वणवा पुणे-नगरच्या गावागावांत पसरला. त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. चार वर्षांनी सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. मुद्दल आणि मुदत सगळ्यांना ठाऊक होती. दराची मात्र एका बाजूलाच माहिती होती. असं उदाहरण परीक्षेत आलं तर पेपरात चूक आहे म्हणून सगळ्या वर्गाला फुकट मार्क द्यावे लागतील.

आता हौद. दोन नळ हौद भरतात, तिसरा रिकामा करतो, आणि हौद केव्हा भरेल हे साठ पोरांचा वर्ग काढत बसतो. 'तिसऱ्या नळाची तोटी बंद करावी' हे उत्तर लिहिणाऱ्याला शून्य मार्क. ह्या हौदाचं मूळ शोधत गेलं की वाटेत भास्कराचार्यांचं दार लागतं. ११५० सालच्या 'लीलावती'त अशी एक विहीर आहे. तिला चार झरे. पहिला एकटा तिला एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा तिसऱ्या हिश्श्यात, चौथा सहाव्या हिश्श्यात. चारी एकदम सोडले तर? दिवसाचा बारावा भाग. आणि भास्कराचार्यांच्या विहिरीला गळती नाही! गळका नळ आमच्या पुस्तकात कोणी बसवला कोण जाणे, पण त्या गृहस्थांचा नगरपालिकेशी संबंध आलेला असावा.

'लीलावती'त व्याज आहे, धान्याच्या राशी आहेत, लाकूड चिरायची मजुरी आहे. पण आचार्य खरे रंगात येतात ते वेगळीकडे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे सरपटत येतोय. मोरानं झेप घेतली आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? बारा. तळ्यातलं कमळ पाण्यावर अर्धा हात डोकावतंय. वाऱ्यानं लवून दोन हातांवर बुडालं. तर पाणी किती खोल? पावणेचार हात. अर्जुनानं कर्णावर सोडलेल्या बाणांपैकी निम्मे कर्णाचे बाण तोडण्यात गेले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट घोड्यांवर, सहा शल्यावर, तीन छत्र, ध्वज आणि धनुष्यावर, आणि एकानं मस्तक उडवलं. एकूण शंभर. कर्ण पडला तिथं बाणांची मोजदाद करणारं कोण होतं, हे विचारावंसं वाटत नाही. गोष्ट रंगलेली असते. मोराला गणित येत नाही, हे आचार्यांना माहीत होतं. हे तुम्हाला व्यवहारात उपयोगी पडेल, असं ते मोराच्या बाबतीत कुठं म्हणत नाहीत. अधूनमधून 'सखे', 'बाले' अशी हाक मारतात आणि कोडं घालतात.

'लीलावती'त दोन माकडंही आहेत. शंभर हात उंच झाडावर दोघं बसलेत, दोनशे हातांवर विहीर आहे. एक माकड खाली उतरून चालत जातं. दुसरं आधी उंच उडी मारतं आणि मग तिरपं थेट विहिरीवर झेपावतं. दोघांची वाट सारखीच भरली, तर उडी किती उंच? पन्नास हात. मनगटात जोर असलेलं माकड! तेच माकड आठ शतकांनी आमच्या स्कॉलरशिपच्या पुस्तकात आलं तेव्हा तेल लावलेल्या खांबावर होतं. एका मिनिटात तीन मीटर चढत होतं आणि दुसऱ्या मिनिटात दोन मीटर घसरत होतं. खांबाला तेल कोणी लावलं, वर काय ठेवलंय, एवढी फजिती झाल्यावर ते निघून का जात नाही, काही सांगितलेलं नाही. गोष्ट गेली, घसरण राहिली.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे, की आचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव ह्यानं मठ काढला. आता त्याला क्लास म्हणतात आणि फी आगाऊ घेतात.

'लीलावती'तलं सगळंच मोरपिशी नाही. सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत देऊन वीस वर्षांच्या स्त्रीची किंमत काढायला सांगणारं व्यस्त त्रैराशिकाचं उदाहरणही त्यात आहे. शाब्दिक उदाहरणातले आकडे कल्पित असतात, पण ज्याची किंमत विचारताना कोणाला अवघडल्यासारखं होत नाही, ते त्या काळाबद्दल खरं बोलून जातं. आमच्या पुस्तकांवर आठशे वर्षांनी कोणी प्रबंध लिहिला तर त्याला एवढं नक्की दिसेल: रामरावांना नाव होतं, बारा मजुरांना नव्हतं.

आता कप्तानाकडे वळू. १९७९ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या गणितशिक्षणाच्या संशोधकांनी सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना एक उदाहरण घातलं. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय काय? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची आकडेमोड करून उत्तर काढलं. ३६. फ्रान्समध्ये हळहळ झाली. कप्तानाचा विनोद तसा जुना, कादंबरीकार फ्लोबेरनं १८४० च्या दशकात आपल्या बहिणीला पत्रातून असलंच कोडं घातलं होतं. २०१८ साली चीनमधल्या एका परीक्षेत ह्याच मेंढ्या आणि ह्याच बकऱ्या पुन्हा जहाजावर चढल्या आणि चिनी पालकांनीही डोक्याला हात लावला.

मला त्या ७६ पोरांचं कौतुक वाटतं. २६ आणि १० गुणले असते तर कप्तान २६० वर्षांचा झाला असता. वजा केले असते तर सोळा वर्षांचा. त्याच्या हाती जहाज कोण देईल? भागाकार जात नाही. अधिक केलं तर ३६, कप्तानाला शोभेलसं वय. एवढा व्यवहार तर त्यांनी पाहिलाच. बाकी त्यांनी काय चूक केली? शाळेनं शिकवलेले नियम पाळले. पहिला नियम, प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतं. दुसरा, दिलेले सगळे आकडे वापरायचे, दिलेला नसेल तो आणायचा नाही. तिसरा, जो धडा चालू असेल त्याचीच रीत. चौथा, उदाहरणावर शंका काढायची नाही; पेपर काढणारे बाईंपेक्षा मोठे असतात. हे नियम कुठल्याही पुस्तकात छापलेले नाहीत. पोरांनी ते आपले आपण, निरीक्षणानं शोधून काढले. शाळेत अस्सल संशोधन कुठं होत असेल तर ते इथं.

अमेरिकेचा किस्सा ह्याच जातीचा. तिथल्या १९८० च्या आसपासच्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं, एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिक न्यायचे आहेत, तर बस किती लागतील? २९ टक्के मुलांनी लिहिलं, '३१, बाकी १२'. भागाकार चोख. पण ती बाकी म्हणजे रस्त्यावर उभे राहिलेले बारा सैनिक आहेत, हे त्यांच्या मनात आलं नाही. काहींनी नुसतंच ३१ लिहिलं, तेही चूक धरलं. आमच्या एसटीच्या कंडक्टरनं मात्र ३१ हेच उत्तर दिलं असतं, डबल बेल मारली असती, आणि बारा सैनिक वेळेवर पोचले असते.

म्हणजे शाब्दिक उदाहरणं बंद करावीत काय? मुळीच नाही. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहराचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रस्त्यावर नारळ, पॉपकॉर्न असलं काहीबाही विकणाऱ्या पाच पोरांकडे संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. गाडीवर पोरांचे हिशेब शंभरात ९८ बरोबर. मग त्याच पोरांना कागदावर तेच हिशेब शाब्दिक उदाहरणं म्हणून घातले, तर ७४. आणि नुसते कोरे आकडे मांडून दिले, तर ३७. भांडणारं गिऱ्हाईक समोरून गेलं आणि शंभरातले चोवीस गेले. नारळही गेला आणि आणखी सदतीस गेले. शाब्दिक उदाहरण म्हणजे कागदावरचा का होईना, पण नारळ आहे. रामरावांना गावाबाहेर काढून भागणार नाही. त्यांच्या गावात थोडा चिखल आणि थोडी भाऊबंदकी मात्र आणली पाहिजे.

असं केलेलं एक मोठं उदाहरण आपल्याकडे आहे. गोपाळ कृष्ण गोखले हे शिक्षक असताना त्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तक तयार केलं होतं, आणि ते देशभर चाललं. नफा-तोटा, शेकडेवारी, सगळं घोटलेला माणूस. १९०२ साली ते कलकत्त्याला वरिष्ठ विधिमंडळात पहिल्यांदा बजेटवर बोलायला उभे राहिले. सरकारचं गणित सोपं होतं: जमा वजा खर्च, उरली शिल्लक, ताळा जमला, देश सुखात. गोखल्यांनी वजाबाकीत चूक काढली नाही. ते म्हणाले ते असं, की दुष्काळानं आणि प्लेगनं माणसं मरताहेत आणि तिजोरीत शिल्लक पडते आहे, ह्याचा अर्थ लोक खाऊनपिऊन सुखी आहेत असा नसून त्यांच्यावर कर जास्त बसतोय असा आहे. उत्तर बरोबर होतं. ते कोणाचं आणि कशाचं, एवढंच त्यांनी विचारलं. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला त्यातल्या गावाबाहेरही जग आहे हे ठाऊक असलं की असं होतं.

तेव्हा माझी एक नम्र सूचना आहे. परीक्षेत दर शाब्दिक उदाहरणाला एक मार्क राखून ठेवावा, तो उदाहरणावर शंका काढण्यासाठी. चोवीस मजूर उभे कुठं राहणार? तिसऱ्या नळाची तोटी कोणाकडे आहे? कप्तानाच्या वयाचा मेंढ्यांशी काय संबंध? जो बरी शंका काढील त्याला तो मार्क, मग गणित चुकलं तरी चालेल.

एक शिक्षक मित्र ही सूचना ऐकून म्हणाला, "चांगली आहे. पण मार्क आहे म्हटल्यावर काय होईल ते सांगू? जूनमध्ये परिपत्रक निघेल. दिवाळीच्या आत गाईडात 'शाब्दिक उदाहरणांवर विचारावयाच्या पंचवीस अपेक्षित शंका' छापून येतील. मार्चमध्ये अख्खा वर्ग पंचविसातली पाचवी शंका लिहील. आणि एखादं पोर स्वतःच्या डोक्यानं सव्विसावी काढील, तर पेपर तपासणारा उत्तरसूची बघेल आणि तिच्यावर काट मारील."

मी म्हटलं, "मग त्या पोरानं काय करायचं?"

"रिचेकिंगला टाकायचं," तो म्हणाला. "त्याची फी वेगळी."